फुप्फुसाचे शिखर आणि खांद्याचे दुखणे

(वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शताब्दीच्या मंगल प्रसंगी व्याख्यात्याने साहित्यावर किंवा इतिहासावर बोलावे, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. त्यातून काकती हे कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर. येथे इतिहासाला विषयांची वाण पडण्याचे कारण नाही. अशा व्यासपीठावर एका दुर्धर रोगाचे नाव घेणे काहींना औचित्याला सोडून वाटेल. तरीही चालकांच्या अनुमतीने मी फुप्फुसाच्या शिखरावर होणाऱ्या कर्करोगाचा विषय निवडला, त्याला दोन कारणे आहेत.

पहिले कारण काळाचे आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथील क्ष-किरणतज्ज्ञ डॉ. हेन्री पॅनकोस्ट यांनी या रोगाविषयीचा आपला पहिला निबंध १९२४ साली प्रसिद्ध केला. म्हणजे आपल्या वाचनालयाचे शतक आणि या रोगाशी वैद्यकाने दिलेल्या झुंजीचे शतक जवळजवळ एकाच सुमाराचे आहे. दुसरे कारण स्थळाचे. आपण बेळगाव आणि निपाणी यांना जोडणाऱ्या वाटेवर बसलो आहोत. या वाटेच्या त्या टोकाला जे पीक पिकते, ज्याचा व्यापार चालतो आणि ज्यावर हजारो घरांच्या चुली पेटल्या, त्या तंबाखूचे आणि या रोगाचे नाते निकटचे आहे. तेव्हा हा विषय दूरदेशीचा नाही. तो आपल्या घराच्या ओसरीवरचा आहे.

प्रथम जागेची ओळख करून घेऊ. फुप्फुसे बरगड्यांच्या पिंजऱ्यात असतात, हे आपण जाणतोच. पण त्यांचा वरचा शेंडा गळ्याच्या हाडाच्याही किंचित वर, मानेच्या मुळाशी पोहोचलेला असतो, हे सहसा लक्षात येत नाही. ही जागा अतिशय अडचणीची आहे. मागे पाठीचा कणा, वर पहिली बरगडी आणि तिच्यावरून हाताकडे जाणारी मोठी रोहिणी व नीला. त्यांच्याच शेजारी मानेतून निघून हातात उतरणाऱ्या मज्जातंतूंचे जाळे. जुन्या पेठेतल्या बोळात घरे एकमेकांना खेटून असावीत, तशी ही सारी महत्त्वाची अंगे तेथे दाटीवाटीने वसलेली आहेत. फुप्फुसाच्या मध्यभागी गाठ झाली तर तिला वाढायला मोकळी जागा सापडते. शेंड्यावर झाली तर तिचा पहिला धक्का बसतो तो या शेजाऱ्यांना.

म्हणूनच या रोगाची लक्षणे छातीत दिसत नाहीत. रुग्णाला खोकला नसतो, थुंकीतून रक्त पडत नाही, धाप लागत नाही. दुखतो तो खांदा. दुखणे खांद्याच्या मागील फऱ्याच्या आतल्या कडेला सुरू होते, काखेत उतरते आणि मग हाताच्या आतल्या बाजूने कोपरावरून करंगळी व तिच्या शेजारच्या बोटापर्यंत जाते. करंगळीच का? कारण करंगळीकडे जाणारे तंतू त्या जाळ्याच्या सर्वांत खालच्या थरात असतात. फुप्फुसाच्या शेंड्याला सर्वांत जवळचे तेच. पुढे मुठीतील जोर कमी होतो. सदऱ्याची गुंडी लावताना बोटे चुकतात, तळहातावरचे मांस झडू लागते. रात्री दुखणे वाढते आणि माणूस दुखरा हात दुसऱ्या हाताने तोलून धरून बसून राहतो.

आणखी एक खूण आहे, ती चेहऱ्यावर उमटते. मानेतून वर जाणारा एक नाजूक तंतू या गाठीने दाबला गेला, की त्या बाजूची पापणी किंचित खाली येते, डोळ्याची बाहुली बारीक होते आणि चेहऱ्याच्या तेवढ्या अर्ध्या भागाला घाम येत नाही. स्वित्झर्लंडमधील नेत्रवैद्य योहान हॉर्नर यांनी १८६९ साली या लक्षणसमूहाचे वर्णन केले. आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. उन्हातान्हात राबणाऱ्या माणसाच्या कपाळाच्या एकाच बाजूला घाम यावा आणि दुसरी बाजू कोरडी राहावी, हे घरच्या माणसांना प्रथम जाणवते. परंतु त्याचा अर्थ उमगत नाही.

आता आपल्या भागातील एक गृहस्थ डोळ्यांसमोर आणा. पन्नाशी ओलांडलेली, वीस-पंचवीस वर्षे विडीची सवय. खांदा दुखू लागतो. तो प्रथम म्हणतो, शेतात ओझे उचलले म्हणून दुखते. काही दिवस तेल चोळतो, शेक घेतो. मग कोणी मानेच्या मणक्याची झीज सांगतो, कोणी खांदा आखडल्याचे निदान करतो. मानेला पट्टा लागतो, व्यायाम सुरू होतात, वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे संपतात. या निदानांत मुद्दाम केलेली हयगय असते असे नाही. खांदा दुखणाऱ्या बहुसंख्य लोकांना खरोखरच मणक्याचा किंवा सांध्याचाच त्रास असतो. फुप्फुसाच्या सर्व कर्करोगांत शिखरावरचा कर्करोग शंभरांत तीन ते पाच इतकाच आढळतो. दुर्मीळ गोष्ट नेहमीच्या गोष्टीचा वेष घेऊन आली, की ती ओळखणे कोणालाही कठीण जाते. पण या अवधीत अनेक महिने निघून जातात, आणि रोग थांबून राहत नाही.

दुसरी गल्लत अधिक नाजूक आहे. छातीचा फोटो काढला आणि शेंड्यावर सावली दिसली, तर आपल्या देशात मनात पहिला विचार येतो तो क्षयाचा. तो साहजिकही आहे, कारण क्षयाचे जंतू फुप्फुसाच्या वरच्या भागातच ठाण मांडतात. परंतु बेडक्यात जंतू सापडले नसताना केवळ सावलीवरून क्षयाचे औषध सुरू झाले, तर कर्करोगाला आणखी काही महिन्यांची मोकळीक मिळते. येथे तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. क्षयात ताप, खोकला, वजन घटणे ही लक्षणे मुख्य असतात, हाताच्या करंगळीपर्यंत जाणारी वेदना नव्हे. फोटोत सावलीलगतची पहिली किंवा दुसरी बरगडी झिजलेली अथवा नाहीशी झालेली दिसली, तर कर्करोगाचा संशय बळावतो. आणि क्षयाचे औषध नियमित घेऊनही सावली हटत नसेल, दुखणे वाढतच असेल, तर मूळ निदानाचा पुन्हा विचार झालाच पाहिजे. दोन्ही रोग एकाच माणसात असू शकतात, हेही विसरून चालणार नाही.

आता या शतकाच्या वाटचालीकडे वळू. या रोगाचे वर्णन तसे पॅनकोस्ट यांच्याही आधीचे आहे. १८३८ साली एडवर्ड हेअर या इंग्रज वैद्याने मानेच्या मुळाशी झालेल्या गाठीमुळे हाताला वेदना आणि डोळ्यात फरक पडलेला एक रुग्ण नोंदवून ठेवला. तेव्हा क्ष-किरणांचा शोधही लागला नव्हता. तो १८९५ मध्ये राँटगेन यांनी लावला. १९२४ च्या निबंधात पॅनकोस्ट यांनी छातीच्या शिखरावरील गाठींची क्ष-किरण तपासणी काळजीपूर्वक केली पाहिजे, असे बजावले. निबंधाच्या शीर्षकातच हा आग्रह होता. १९३२ साली त्यांनी दुसरा निबंध लिहून या लक्षणांचे एकत्र चित्र उभे केले. गाठ कोठून उगम पावते याविषयीचा त्यांचा तर्क मात्र पुढे टिकला नाही. ती फुप्फुसातूनच निघते, हे त्याच वर्षी अर्जेंटिनातील डॉ. तोबियास यांनी दाखवले. म्हणून काही ठिकाणी या रोगाला दोघांचे नाव जोडतात.

नाव मिळाले, पण उपचार मिळाला नाही. त्यानंतर सुमारे वीस वर्षे हा रोग शस्त्रक्रियेच्या आवाक्याबाहेरचा मानला गेला. वास्तविक फुप्फुसाच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेची दारे १९३३ मध्येच उघडली होती. अमेरिकेतील सेंट लुई येथे डॉ. इव्हार्ट्स ग्रॅहम यांनी ५ एप्रिल रोजी जेम्स गिलमोर नावाच्या डॉक्टरांचे संपूर्ण डावे फुप्फुस काढले. रुग्ण पुढे सुमारे तीस वर्षे जगला. शल्यविशारद ग्रॅहम स्वतः धूम्रपान करीत. ते मात्र १९५७ साली फुप्फुसाच्याच कर्करोगाने गेले. रुग्ण वैद्याच्या मागे उरला, ही या इतिहासातील एक विलक्षण नोंद आहे. परंतु शिखरावरच्या गाठीपुढे हे धाडसही अडले, कारण तेथे सुरी चालवायची म्हणजे रोहिणी, मज्जातंतू आणि कणा यांच्यामधून वाट काढायची.

१९५३ साली बफलो येथील चार्डॅक आणि मॅकॅलम यांनी एका रुग्णाची गाठ लगतच्या बरगड्यांसह एकसंध काढली आणि नंतर किरणोपचार दिले. तो रुग्ण पाच वर्षांनंतरही रोगमुक्त राहिला. अशक्य मानलेल्या गोष्टीचे एक उदाहरण घडले. यानंतरचे वळण योगायोगाने आले. डलास येथील रॉबर्ट शॉ यांच्याकडे एक रुग्ण होता. त्याची गाठ काढता येणार नाही असे ठरल्यामुळे केवळ वेदना कमी व्हाव्यात म्हणून त्याला किरणोपचार दिले गेले. वेदना तर गेलीच, पण गाठही आक्रसली. तेव्हा शॉ यांनी शस्त्रक्रिया करून पाहिली आणि ती यशस्वी झाली. हा प्रसंग १९५६ चा. त्यावरून शॉ आणि डोनाल्ड पॉलसन यांनी आधी किरणोपचार, काही आठवड्यांची विश्रांती आणि मग पाठीमागून, फऱ्याच्या हाडालगत छेद घेऊन शस्त्रक्रिया, असा क्रम बसवला व १९६१ साली तो प्रसिद्ध केला. पुढील जवळजवळ चाळीस वर्षे जगभर हाच क्रम प्रमाण मानला गेला. या पद्धतीने शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांपैकी सुमारे एक तृतीयांश पाच वर्षांच्या पलीकडे जगू लागले. जेथे पूर्वी आशाच नव्हती, तेथे तिघांपैकी एकाला आयुष्य मिळाले.

उरलेल्या दोघांचे काय, हा प्रश्न शिल्लक होता. शस्त्रक्रियेच्या अंगाने त्याला पहिले उत्तर आले ते फ्रान्समधून. गाठ पुढच्या बाजूला, हाताच्या मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटली असेल तर पाठीमागच्या छेदातून ती नीट दिसत नाही. फिलिप दार्तेव्हेल यांनी १९९३ साली मानेच्या बाजूने, पुढून शिरण्याची पद्धत मांडली. तीत रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू डोळ्यांसमोर ठेवून त्यांना मोकळे करता येते. याच काळात कण्याच्या शस्त्रक्रियेचे तंत्रही पुढे गेले आणि मणक्याचा बाधित भाग काढून तेथे धातूचा आधार देणे काही केंद्रांत शक्य झाले. या सर्व खटाटोपाचा हेतू एकच : गाठीचा कणही मागे राहू नये. अपुरी काढलेली गाठ परत वाढते, आणि मग शस्त्रक्रियेचा त्रास मात्र रुग्णाच्या वाट्याला येतो.

दुसरे उत्तर औषधांच्या अंगाने आले, आणि तेच निर्णायक ठरले. अमेरिका व कॅनडातील अनेक रुग्णालयांनी मिळून १९९५ ते १९९९ या काळात ११० रुग्णांवर एक नवा क्रम अवलंबिला. प्रथम सिसप्लॅटिन आणि इटोपोसाइड या दोन रसायनांचे दोन फेरे, त्यासोबतच ४५ ग्रे इतका किरणोपचार, आणि नंतर तीन ते पाच आठवड्यांनी शस्त्रक्रिया. ११० पैकी ८८ जणांवर शस्त्रक्रिया होऊ शकली आणि ८३ जणांची गाठ पूर्णपणे काढता आली. काढलेल्या भागाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी केली, तेव्हा ६१ जणांच्या गाठीत कर्कपेशी एकतर उरल्याच नव्हत्या किंवा नाममात्र उरल्या होत्या. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अंतिम हिशेबानुसार सर्व रुग्णांपैकी ४४ टक्के, आणि गाठ पूर्ण निघालेल्यांपैकी ५४ टक्के पाच वर्षांनंतर हयात होते. जपानमध्ये ७६ रुग्णांवर अशाच धर्तीचा प्रयोग झाला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षात हे प्रमाण ५६ टक्के आले. दोन खंडांतून आलेली ही साक्ष जुळल्यामुळे, ज्यांची गाठ काढता येण्याजोगी आहे त्यांच्यासाठी हा त्रिविध उपचार आता प्रमाण मानला जातो.

हे आकडे ऐकून हुरळून जाऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. हे सारे रुग्ण निवडक होते. त्यांचा रोग दूरवर पसरलेला नव्हता आणि प्रकृती हे कठोर उपचार सोसण्याइतकी बरी होती. ज्याच्या छातीच्या मधल्या भागातील ग्रंथींत रोग शिरला आहे, किंवा मेंदू, यकृत, हाडे येथे पोहोचला आहे, त्याला हे आकडे लागू पडत नाहीत. शिवाय यश मिळालेल्यांतही रोग परतला तर तो पुष्कळदा मेंदूत परततो. म्हणून उपचारापूर्वी मेंदूची तपासणी करावी लागते आणि उपचारानंतरही वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. शस्त्रक्रियेचीही किंमत असते. बरगड्या जातात, कधी एखादा मज्जातंतू द्यावा लागतो आणि हाताची पकड कमकुवत राहते. हे रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला आधी स्पष्ट सांगितले पाहिजे.

ज्यांच्यावर शस्त्रक्रिया शक्य नाही, त्यांच्यासाठीही आज रिकाम्या हाताने परतण्याची वेळ नाही. रसायने आणि पूर्ण मात्रेचे किरणोपचार एकत्र दिल्याने रोग आटोक्यात राहतो आणि वेदना कमी होते. गेल्या काही वर्षांत शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधे आली आहेत. शस्त्रक्रियेपलीकडे गेलेल्या, परंतु दूर न पसरलेल्या फुप्फुसाच्या कर्करोगात वरील उपचारानंतर ड्युरव्हॅलुमॅब हे औषध वर्षभर दिल्यास पाच वर्षांनी हयात राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३३ वरून ४३ टक्क्यांवर गेले. हा प्रयोग केवळ शिखरावरच्या गाठींपुरता नव्हता, पण त्यांनाही त्याचा उपयोग होतो. काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकीय बदल आढळतात, आणि त्यांना गोळीच्या रूपात औषध मिळू शकते. विडी-सिगारेट न ओढणाऱ्यांत हे बदल अधिक प्रमाणात आढळतात, म्हणून काढलेल्या तुकड्याची जनुकीय तपासणी महत्त्वाची ठरते. ही नवी औषधे महाग आहेत, हे कटू सत्य आहे. त्यासाठी सरकारी आरोग्य योजना, रुग्णालयांतील समाजसेवा विभाग आणि धर्मादाय निधी यांची चौकशी पहिल्याच दिवशी करावी. जमीन विकण्याचा विचार त्यानंतर.

वेदनेविषयी दोन शब्द वेगळे बोलले पाहिजेत. या रोगातील वेदना फार तीव्र असते, आणि ती सोसत राहणे हा काही पुरुषार्थ नव्हे. मॉर्फिन हे औषध योग्य मात्रेत आणि वैद्याच्या देखरेखीखाली घेतल्यास रुग्णाला झोप मिळते, अन्न जाते, माणसांशी बोलता येते. त्याचे व्यसन लागेल या भीतीने अनेक घरांत रुग्ण तळमळत ठेवला जातो. २०१४ साली कायद्यात दुरुस्ती होऊन हे औषध रुग्णालयांना मिळवणे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. जेथे रोग बरा होणार नाही, तेथेही वेदना दूर करणे शक्य आहे. आणि ते रुग्णाचे मागणे नसून त्याचा हक्क आहे.

मग आपल्या भागातील माणसाने करावे काय? तंबाखू ओढणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या कोणाही व्यक्तीचा खांदा तीन-चार आठवड्यांच्या साध्या उपचाराने बरा होत नसेल, वेदना करंगळीकडे उतरत असेल किंवा पापणी खाली आली असेल, तर खांद्याच्या फोटोबरोबर छातीचाही फोटो काढून घ्यावा. गळ्याच्या हाडाची सावली शेंड्यावर पडते आणि लहान गाठ तिच्याआड लपते. म्हणून शंका उरली तर सीटी स्कॅन करावा. त्यानंतरची पायरी टाळता येत नाही, ती म्हणजे सुईने गाठीचा कण काढून तपासणे. दुर्बिणीची नळी शेंड्यापर्यंत सहसा पोहोचत नाही, त्यामुळे स्कॅनच्या आधाराने बाहेरूनच सुई घालतात. सुई लागली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे घट्ट रुजली आहे. तिने जेवढी माणसे उपचाराविना राहिली, त्या मानाने सुईचा धोका काहीच नाही. तुकडा तपासल्याविना उपचार म्हणजे पत्ता न वाचता टाकलेले पत्र. मज्जातंतू आणि कणा यांच्याशी गाठीचे नाते पाहण्यासाठी एमआरआय लागतो.

या तपासण्या आता दूरच्या राहिलेल्या नाहीत. बेळगावात १९६३ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. मिरजेस डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या रुग्णालयाच्या आश्रयाने या पट्ट्यातील अनेक पिढ्या वाढल्या. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि बंगळूरला किडवाई संस्था आहे. मात्र शिखरावरच्या गाठीची शस्त्रक्रिया हे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. छातीचा शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, औषधतज्ज्ञ आणि कण्याचा शल्यविशारद एकत्र बसून निर्णय घेतात अशा मोठ्या केंद्राचा सल्ला सुरुवातीलाच घ्यावा. उपचार कोणत्या क्रमाने द्यायचा, यावरच पुष्कळसे अवलंबून असते. एकदा क्रम चुकला की तो मागे नेता येत नाही.

आता त्या पिकाविषयी. मी शेतकऱ्याला किंवा विडी वळणाऱ्या भगिनीला दोष देण्यासाठी उभा नाही. निपाणीच्या काळ्या रानातील तंबाखूने या भागात पैसा आणला, शाळा आणल्या. त्याच तंबाखूच्या भावासाठी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली १९८१ साली शेतकरी याच महामार्गावर बसले आणि गोळीबारात काहींनी प्राण गमावले. तंबाखूच्या वखारींत राबणाऱ्या निपाणीच्या स्त्रियांनी त्याच सुमारास संघटित होऊन आपल्या मजुरीसाठी लढा दिला. त्या घामाचा अनादर कोणी करू नये. परंतु ज्या पिकाने हात भरले, त्याच पिकाच्या धुराने छाती पोखरली, हेही लपवता येत नाही.

तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध आपल्याकडे शोधणाऱ्यांत मराठी माणूस अग्रभागी होता, याचा अभिमान वाटावा. टाटा स्मारक रुग्णालयाचे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर आणि त्यांचे सहकारी संघवी व राव यांनी १९५५ साली तंबाखू ओढणे व चघळणे यांचा तोंड-घशाच्या कर्करोगाशी असलेला संबंध मुंबईतील रुग्णांच्या आधारे दाखवला. पुढे १९७४ मध्ये मुंबईतच झालेल्या अभ्यासाने फुप्फुसाच्या कर्करोगात सिगारेटप्रमाणेच विडीचाही हात असल्याचे सिद्ध केले. विडी पानात वळलेली, म्हणून ती सौम्य, हा समज निराधार आहे. विडीत तंबाखू कमी असते हे खरे. पण ती विझू नये म्हणून वरचेवर आणि खोल झुरके घ्यावे लागतात, आणि घातक द्रव्ये छातीत कमी जात नाहीत.

सोडण्याचा लाभ किती, याचेही मोजमाप झाले आहे. इंग्लंडमधील डॉक्टरांवर पन्नास वर्षे केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला. धूम्रपान साठाव्या वर्षी सोडले तर आयुष्याची सुमारे तीन वर्षे वाचतात, पन्नासाव्या वर्षी सोडले तर सहा, चाळिसाव्या वर्षी नऊ आणि तिसाव्या वर्षी जवळजवळ दहा. म्हणजे उशीर झाला असे कोणत्याच वयात म्हणता येत नाही. रोग झाल्यावरही विडी सोडली तर शस्त्रक्रिया अधिक निर्धोक होते आणि उपचार अधिक लागू पडतात. आता सोडून काय उपयोग, हे वाक्य वैद्यकाला मान्य नाही.

श्रोतेहो, या शंभर वर्षांतून मला एकच गोष्ट आपल्यासमोर ठेवायची आहे. पॅनकोस्ट यांच्या काळी या रोगाचे निदान लवकर झाले काय आणि उशिरा झाले काय, शेवट सारखाच होता. आज तसे नाही. आज लवकर आलेल्या, गाठ पूर्ण निघालेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण पाच वर्षांपलीकडे जातात. शास्त्राने आपल्या वाट्याचे काम बऱ्याच अंशी केले आहे. खांदा दुखू लागल्यापासून छातीचा फोटो निघेपर्यंतचे अंतर मात्र शास्त्राच्या हातात नाही. ते रुग्णाच्या, त्याच्या घरच्यांच्या आणि गावच्या पहिल्या डॉक्टरच्या हातात आहे.

आणि ते काही अंशी वाचनालयाच्याही हातात आहे. वाचनालय म्हणजे केवळ कपाटे नव्हेत. सकाळी वर्तमानपत्र चाळायला येणारा वृद्ध येथे दोन घटका बसतो, शेजाऱ्याची चौकशी करतो, हाताच्या मुंग्यांची तक्रारही येथेच बोलून दाखवतो. त्या बोलण्याला दाद देणारा एक जाणता सभासद शेजारी असला, तर एखाद्या घराचे काही महिने वाचतील, आणि या रोगात काही महिने म्हणजे कधी कधी संपूर्ण आयुष्य असते. वाचनाच्या दालनात आरोग्यविषयक मराठी पुस्तकांचा एक स्वतंत्र कप्पा असावा, वर्षातून एकदा तंबाखूमुक्तीसाठी सभा व्हावी, आणि विडी सोडलेल्या माणसांनी स्वतः येथे येऊन आपला अनुभव सांगावा, अशी माझी चालकांना नम्र सूचना आहे. वैद्याच्या उपदेशापेक्षा शेजाऱ्याचा अनुभव माणसाला लवकर पटतो.

या संस्थेला शंभर वर्षे ज्यांनी वर्गणी, ग्रंथ आणि श्रम देऊन जगवले, त्यांना मी अभिवादन करतो.